एक चेहरा, एक खातं

अगं, तू आधी फक्त ऐक. मधे बोललीस की माझं सगळं विस्कटतं आणि मग मी शेवट आधीच सांगून मोकळी होते. आमच्या वरच्या मजल्यावर त्या दोघी जुळ्या राहतात ना, जिन्यात भेटल्या की आपण ज्यांना हमखास एकीचं दुसरीला विचारतो त्या, त्यांचं झालंय हे. थोरलीनेच सांगितलं मला, गच्चीवर कपडे वाळत घालताना, एक ओला टॉवेल हातात धरून तासभर. टॉवेल शेवटपर्यंत दोरीवर गेलाच नाही.

तर थोरली फक्त अकरा मिनिटांनी थोरली. पण त्या अकरा मिनिटांचा मान धाकटीने आजवर ठेवलाय. चाळिशी उलटली तरी 'ताई' म्हणते, आणि पंख्याखालची खुर्ची आपणहून सोडते. थोरली नवरा आणि दोन मुलांबरोबर या बाजूच्या खोल्यांत, धाकटी आणि आई समोरच्या खोलीत, आणि मधली दारं दिवसभर उघडी. भाजी एका घरात शिजते, मीठ दुसऱ्या घरात असतं, असला कारभार.

दोघींचं काम पायांचं. म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, कोमट पाण्याच्या टबात पाय भिजवायचे, नखं कापायची, कुरूप खरवडायचं, टाचा वज्रीने घासायच्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तू तोंड वाकडं करू नकोस, मीही केलं होतं. पण वय झालं की माणसाचा हात स्वतःच्या पायापर्यंत पोचत नाही, आणि डायबेटीस असला तर एक नख चुकीचं कापलं की पाय जायची वेळ. त्याचा वर्षाचा कोर्स असतो, दोघींनी एकाच बाकावर बसून केला. थोरलीचा हात भराभर चालतो, बोलणं कमी. धाकटी सावकाश करते आणि गुणगुणते, तिचं तिलाही कळत नाही. काही म्हाताऱ्या माणसांना थोरली लागते, काहींना धाकटी, आणि ते आपापल्या जागी अगदी हट्टी असतात.

सहा वर्षांपूर्वी ते अॅप आलं. आधी औषधांच्या दुकानात चिठ्ठी लावायची, कुणी सांगितलं तर जायचं, दार उघडेल की नाही माहीत नाही. अॅप आलं आणि दिवस कसा आखल्यासारखा झाला. परगावी राहणारी मुलं बसल्या जागी आईबापासाठी बुकिंग करायची, आणि या दोघी घरोघर. खरं सांगायचं तर सुखाचे दिवस होते ते, थोरली आजही नाकारत नाही. एकाच टेबलावर बसून दोघींनी खाती उघडली होती. आधी थोरलीचं, मग चहा, मग धाकटीचं.

मग हळूहळू एकेक खिळा. आधी ग्राहकांचे नंबर दिसेनासे झाले. मग काम संपलं की पत्ताही पुसला जायला लागला. मग नियम आला की ग्राहकाशी अॅपच्या बाहेर बोलायचं नाही, स्वतःचा नंबर द्यायचा नाही, दिलात तर खातं बंद. थोरलीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. तो तेव्हाच म्हणाला होता की पूर्वी निदान चिठ्ठी आपली होती, आता चिठ्ठी त्यांची, दार त्यांचं, दारामागचा माणूसही त्यांचा, तुमचं काय राहिलं, तर टब. धाकटी हसली. म्हणाली, दाजी, नखं वाढायची थांबतायत थोडीच, आपल्याशिवाय कोण कापणार आहे.

आणि मग तो चेहऱ्याचा नियम आला. रोज सकाळी कामाला लागायच्या आधी फोनसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, मान डावीकडे, मान उजवीकडे, की खातं उघडतं. एक चेहरा, एक खातं, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. पहिल्याच दिवशी धाकटीच्या फोनवर आलं की हा चेहरा दुसऱ्या खात्याशी जोडलेला आहे.

पोट धरून हसल्या गं त्या. आईला हाक मारून दाखवलं. थोरलीचा नवरा दाढी करता करता बाहेर आला आणि म्हणाला, मी वीस वर्षांत एकदा चुकलो नाही, पाठमोरी चालताना बघितली तरी सांगतो कोण आहे ते, आणि यांच्याकडे म्हणे एवढे इंजिनिअर. त्या दिवशी धाकटी घरीच राहिली, आईच्या कपाटातले कागद आवरत बसली. उद्या होईल नीट, असंच सगळ्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अॅपने ओळखपत्र मागितलं. दोघींनी आपापल्या ओळखपत्रांचे फोटो काढून पाठवले. तासाभरात उत्तर. दोन्ही ओळखपत्रांवर एकच छायाचित्र वापरलेले आढळले, सबब दुसरे कागदपत्र बनावट.

आता यातली गंमत ऐक, म्हणजे गंमत कसली. ते खरंच होतं. दोन्ही ओळखपत्रांवर एकच फोटो आहे. चेहरा सारखा असं नाही म्हणत मी, तोच फोटो. त्यांच्या आईची सवय होती ती. फोटोवाला एका बैठकीच्या आठ प्रती द्यायचा, आणि शाळेला, अर्जाला, कशालाही लागायच्या दोन-तीन. आई म्हणायची, उरलेले काय भिंतीला चिकटवायचे, आणि चेहरा तर एकच आहे. म्हणून एकीलाच बसवायची आणि प्रती चार-चार वाटायच्या. शाळेच्या दाखल्यापासून हेच. पुढे मोठ्या झाल्या तरी त्यांना त्यात काही वावगं वाटेना, कोर्सच्या प्रमाणपत्रावरसुद्धा एकाच बैठकीतले फोटो आहेत. आपण एका साबणाच्या वडीचे दोन तुकडे करतो ना, तसं. कुणी कधी अडवलं नाही, कारण खिडकीतला माणूस समोर बघायचा, फोटो बघायचा, मान हलवायचा.

थोरलीने आईला विचारलं, ओळखपत्रावरच्या फोटोत कोण बसलं होतं. तिला वाटत होतं आपणच, थोरली म्हणून. आई भाजी निवडत होती, तिने वर न बघताच सांगितलं, "धाकटी. तुझ्या ओठावर तेव्हा ही एवढी पुळी आली होती, तुला कुठे बसवणार?"

म्हणजे बघ. सगळ्या कागदांवर चेहरा धाकटीचा, आणि अॅपच्या लेखी खरी कोण, तर थोरली. का, तर तिचं खातं एका चहाने आधीचं.

मग सुरू झाली ती लिहालिही. अॅपमध्ये तक्रारीची खिडकी आहे, तिच्यात लिहिलं की पलीकडून लगेच उत्तर येतं, इतकं लगेच की कळतं, माणूस नाहीये. थोरलीने लिहिलं, आम्ही जुळ्या बहिणी आहोत. उत्तर आलं, आपली अडचण आम्ही समजू शकतो, कृपया एका व्यक्तीने एकच खाते वापरावे. तिने लिहिलं, आम्ही दोन व्यक्ती आहोत. उत्तर आलं, धन्यवाद, कृपया आपण स्वतः वापरत असलेले खाते निवडा. तिने दोघींचा एकत्र फोटो काढून पाठवला, खांद्याला खांदा लावून, मागे स्वयंपाकघर. उत्तर आलं, छायाचित्रात एकापेक्षा जास्त चेहरे आहेत, कृपया एकटीचे छायाचित्र पाठवावे. नवरा म्हणाला, बघा, तेवढं तरी मोजता येतंय त्यांना.

जन्माचे दाखले पाठवले, एकच तारीख, एकच आई, अकरा मिनिटांचा फरक. चार दिवस उत्तर नाही. तोवर धाकटी रोज सकाळी आवरून, बॅग भरून, फोनसमोर बसायची. डोळे मिचकवायची. एकदा केस बांधून, एकदा सोडून, एकदा आईचा चष्मा लावून. मग टॉवेल परत बॅगेतून काढून घडी करून ठेवायची.

शेवटी दोघी त्या कंपनीच्या ऑफिसात गेल्या. दोन बस बदलून, चांगले कपडे घालून, सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. थोरलीचं म्हणणं अगदी साधं होतं, एकदा कुणीतरी आपल्याला शेजारी शेजारी उभं बघितलं की झालं. मोठी काचेची इमारत, समोर फाटक, फाटकाशी एक यंत्र. त्याच्यासमोर उभं राहायचं, ते फोटो काढतं, चिठ्ठी बाहेर येते, फाटक उघडतं. थोरली उभी राहिली, चिठ्ठी आली, ती आत गेली. मागून धाकटी उभी राहिली. यंत्रावर आलं, आपण आधीच आत आहात.

खरंच गं. थोरली आत, धाकटी बाहेर, मधे ते कमरेएवढं फाटक. दोघी एकमेकींकडे बघतायत. तिथला वॉचमन म्हातारासा होता, तो उठून आला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि हसायला लागला. मग त्याचं हसू आपोआप विरलं. धाकटीला तो अगदी समजुतीने म्हणाला, "मला दोघी दिसताय हो पोरींनो. पण माझ्या दिसण्याने हे फाटक उघडत नाही."

थोरली एकटीच आतल्या टेबलापर्यंत गेली. तिथे एक मुलगी, आपल्याच वयाची असेल, फार गोड बोलली. म्हणाली की या इमारतीत फक्त जाहिराती विकणारी माणसं बसतात, खात्यांचं कुणी इथे नसतं, ते कुठे बसतात हे तिलाही माहीत नाही, तक्रार अॅपमध्येच करायची. थोरलीने काचेतून बोट दाखवलं, ती बघा माझी बहीण. मुलीने बघितलं, अय्या, अगदी सेम टू सेम आहात की, असं कौतुकही केलं. मग थोरली म्हणाली, तुम्हाला दोघी दिसल्या ना, तेवढंच कागदावर लिहून द्या. मुलीचा चेहरा उतरला. असं काही लिहून द्यायचा तिला अधिकार नव्हता. पाणी मात्र दिलं. थोरली अर्धा ग्लास प्यायली आणि उरलेला बाहेर धाकटीला द्यावा म्हणून घेऊन निघाली, तर ग्लास बाहेर न्यायला मनाई.

परत येताना बसमध्ये कागदांची पिशवी धाकटीच्या मांडीवर होती म्हणे.

शनिवारी मेसेज आला, पण तो फक्त थोरलीला. रविवारी दुपारी दोनपर्यंत आपण कोणते खाते ठेवू इच्छिता ते कळवा, न कळवल्यास दोन्ही खाती कायमची बंद करण्यात येतील. खाली दोन चौकोन. दोन्ही खात्यांवर तोच चेहरा.

रविवारी टेबलाभोवती सगळे बसले. मुलांना खाली खेळायला पिटाळलं होतं. आईने पहिल्यांदाच आपलं मत सांगितलं, की फोटो धाकटीचा आहे, चेहरा तिचा, मग खातंही तिचं ठेवा, न्याय म्हणून काही आहे की नाही. थोरलीचा नवरा ताटातल्या भाताकडे बघत राहिला. त्याला मत असतं ना प्रत्येक गोष्टीवर, पण त्या दिवशी नव्हतं. त्याच्या पगारात घर चालत नाही हे त्याला माहीत, मुलांची शाळा आहे. आणि आईची औषधं धाकटीच्या कामावर चालतात हेही सगळ्यांना माहीत. कुणाचं पारडं खाली जाईना.

थोरलीने मला जे सांगितलं ते असं, आणि हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, मला ठाऊक होतं धाकटी काय म्हणणार ते. लहानपणापासून ठाऊक आहे. खुर्ची सोडते तसं ती बोलणार, आणि मी गप्प बसून त्याची वाट बघत होते.

पावणेदोनला धाकटी म्हणाली, "ताई, तू तुझं दाब. तुझ्या नावावर आपण दोघी जाऊ आळीपाळीने. त्या यंत्राला थोडंच कळणार आहे."

थोरलीने आपला चौकोन दाबला. मग एक नवीन पान उघडलं, बारीक अक्षरांचं, आणि खाली एक ओळ, तिच्यापुढे बरोबरची खूण करायची. मी जाहीर करते की दुसरे खाते माझ्या ओळखीचा गैरवापर करून उघडण्यात आले होते. ती खूण केल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. दोनला चार मिनिटं कमी. तिने मनात वाचलं, मोठ्याने नाही वाचलं. खूण केली. दाबलं. आणि मान वर करून बघते तर धाकटी तिच्या खांद्यामागे उभी. कधी उठून आली कळलंच नाही. तिनेही वाचलं होतं. ताटं उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली.

सोमवारी थोरली म्हणाली, आज तू जा माझ्या जागी. धाकटी नको म्हणाली. तिला म्हणे ते रात्रीतून सुचलं होतं, की लोक मला तुझ्या नावाने हाक मारतील आणि मला ओ द्यावी लागेल. थोरलीने समजावलं, नवऱ्याने समजावलं. धाकटी शांतपणे म्हणाली की मी माझ्या जुन्या माणसांकडे माझी मी जाईन. नंबर नाहीत तर नाहीत, घरं तर पाठ आहेत, कुणाच्या कुठल्या बोटाला काय झालंय तेही पाठ आहे.

आणि गेली. सगळ्यात आधी टेलिफोनवाल्या बाईंकडे. या बाई म्हणजे आयुष्यभर टेलिफोनच्या ऑफिसात जोडण्या करायचं काम केलेल्या, आता ऐंशीच्या पुढच्या, मोतीबिंदूने डोळे अधू, पण कान असे की जिन्यावरच्या पावलांवरून सांगतील कोण आलंय. धाकटी सहा वर्षं त्यांच्याकडे जात होती. तिचं गुणगुणणं ऐकून बाई म्हणायच्या, लाइन चालू ठेव गं, बंद करू नकोस.

धाकटीने बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं. तिने हसत सांगितलं मी आलेय म्हणून. बाई आतूनच म्हणाल्या की मुलाने सांगितलंय, दार उघडायचं नाही. त्याला कंपनीकडून मेसेज आला होता. तो सगळ्यांनाच गेला होता, धाकटीच्या एकूण एक ग्राहकाला. आपल्याकडे येणाऱ्या व्यक्तीने खोटी ओळख वापरल्याचे उघड झाले आहे, घरातील मौल्यवान वस्तू तपासून घ्याव्यात. धाकटी म्हणाली, बाई, मीच ती, आवाज ओळखताय ना माझा?

"आवाज तोच आहे," बाई म्हणाल्या, "म्हणून तर भीती वाटते."

आणि दार लागलं.

धाकटी त्यानंतर दुसऱ्या कुणाकडे गेली नाही. घरी आली, टब धुऊन उलटा ठेवला, त्या दिवसापासून तो तसाच आहे. आईला वाटलं थकली असेल. दोन आठवडे ती समोरच्या खोलीत खिडकीपाशी बसायची, गाऊनच्या बाह्या ओढत. मधलं दार कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. भांडण नव्हतं हं. मीठ लागलं तर द्यायची, पण दार उघडून द्यायची आणि परत लावून घ्यायची.

थोरलीचं मात्र काम वाढलं. दोघींची माणसं आता एकीच्याच वाट्याला. आणि एका गुरुवारी सकाळी तिच्या फोनवर बुकिंग आलं, पत्ता बघितला तर टेलिफोनवाल्या बाई. नाकारता येतं, पण महिन्यात तिसऱ्यांदा नाकारलं की खात्यावर लाल शेरा, आणि तिचे दोन आधीच झाले होते. गेली.

आता तिथे काय झालं ते नीट ऐक. अॅपचा अजून एक नियम आलाय, त्या मेसेजनंतर. काम चालू असेपर्यंत फोन टेबलावर उघडा ठेवायचा, सुरक्षेसाठी सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. एक लाल ठिपका दिसत राहतो. काम झालं की ग्राहकाला प्रश्न येतात, आलेली व्यक्ती तीच होती का, तिने दुसऱ्या कुठल्या व्यक्तीचा उल्लेख केला का. थोरलीने फोन ठेवला, टब भरला, कोपराने पाणी बघितलं, आणि बाईंचे पाय आत सोडले. बाई ताठ बसलेल्या, हात मांडीवर. थोरलीने कामाला सुरुवात केली. उजव्या अंगठ्याचं नख आत वळलेलं होतं, आणि ते इतक्या बेताने, इतक्या वर्षांत हळूहळू सरळ करत आणलेलं दिसत होतं, की थोरलीला बघताक्षणी कळलं हा कुणाचा हात आहे. तिने तिथे पक्कड लावलीच नाही. नुसती कानस फिरवली.

नख होत आलं तशा बाई बोलल्या. म्हणाल्या, तुझा श्वास तिच्यासारखा आहे. बोलणं वेगळं आहे, तू तुटक बोलतेस, पण मुळातला आवाज एकच, मी पन्नास वर्षं आवाज ऐकले आहेत. मग जरा पुढे वाकल्या.

"खरं सांग. ती जी यायची, ती तुझी कुणी लागते का?"

बाईंचा पाय थोरलीच्या हातात. फोन टेबलावर, लाल ठिपका चालू. नुसती मान हलवावी तर बाईंना दिसत नाही. बोलावं तर दोघांनाही ऐकू जातं, बाईंना आणि त्याला. हो म्हटलं की तिनेच केलेलं जाहीर खोटं ठरतं, आणि मग घरात दोन्हीपैकी एकही खातं राहत नाही. एवढं सगळं तिच्या डोक्यात त्या एका क्षणात आलं का, मी विचारलं तिला. ती म्हणाली, नाही, डोक्यात काहीच आलं नाही, तोंडातून आपोआप गेलं.

"नाही. माझी कुणी नाही."

बाईंनी जो सुस्कारा टाकला ना, थोरली म्हणाली, तो तिला पायातून जाणवला. पाय एकदम सैल पडला तिच्या हातात. बाई म्हणाल्या की बरं झालं विचारलं, त्या दिवसापासून मनाला खात होतं, दार लावून घेतलं ते चुकलंच की काय म्हणून, रात्रीची झोप नव्हती, सारखं तिचं ते गाणं ऐकू यायचं. आता शांत झोपेन. आणि निघताना थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

बाईंनी मुलाला सांगून पाच तारे दिले. थोरली घरी पोचायच्या आत.

थोरली जिना चढून आली तेव्हा समोरचं दार उघडं होतं. खूप दिवसांनी. धाकटी दारातच उभी, तिला आईकडून कळलं होतं आज कुठे काम आहे ते. तिने आधी अंगठ्याचं विचारलं, सरळ वाढतंय का, तिरकं तर कापलं नाहीस ना. थोरली म्हणाली, मी हात नाही लावला त्याला. धाकटीने मान हलवली, बरं केलंस म्हणाली. मग बाहेरच्या कठड्याला टेकली आणि विचारलं, बाईंनी माझं काही काढलं का.

आणि थोरली म्हणाली, हो, काढलं, ती बरी आहे का विचारत होत्या, आठवण येते म्हणाल्या.

तिला नुसतं बरं वाटावं म्हणून गं. एवढंच. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा उघडलेलं दार परत लागू नये म्हणून.

धाकटीचा चेहरा असा काही फुलला, की थोरली म्हणाली, मला माझाच चेहरा वाटेना तो. धाकटी लगबगीने आत गेली, टब सुलटा केला, टॉवेल काढला, आईला हाक मारून सांगितलं की उद्या सकाळी बाईंकडे जाऊन येते, मुलाने घाबरवलं असेल त्यांना तेव्हा, आता निवळलंय, त्या स्वतःच आठवण काढतायत. आईनेही मागून विचारलं, खरंच का गं थोरले. आणि थोरली दारात बॅग धरून उभी.

हे कालचं संध्याकाळचं. मला तिने आज सकाळी सांगितलं, सहाला सुरू केलं, सातला इथवर आली तेव्हा धाकटी आंघोळीला गेली होती आणि तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. थोरलीला दोनच गोष्टी करता येत होत्या. एक तर तिला थांबवून सांगायचं, की मी तुला कुणी नाही म्हणाले, माझ्या तोंडाने, त्या फोनसमोर. नाही तर गप्प बसायचं आणि तिला त्या साखळीच्या दारापर्यंत जाऊ द्यायचं. खालून नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि ती टॉवेल तसाच हातात घेऊन खाली उतरली.

मी तशीच तुझ्याकडे आले गं. तू सांग, तू काय केलं असतंस?